पणतीच्या काठासारखी खूण

गेल्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी पुण्याहून आमच्या विभागात एक लाकडी पेटी आली. मी ठाण्यात राहते आणि नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात गेली २२ वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवते, त्यामुळे हाडांची पेटी उघडणे हा माझ्या नित्याच्या कामाचा भाग आहे. ही पेटी मात्र मी दार लोटून, टेबलावर धुतलेली सुती चादर अंथरून आणि हातमोजे घालून उघडली. आत फोमच्या खाचांमध्ये एकाच व्यक्तीच्या पायांची हाडे होती. मांडीची दोन्ही हाडे, दोन्ही नडग्या, पोटरीच्या बारीक हाडाचे, म्हणजे फिब्युलाचे, दोन तुकडे आणि उजव्या गुडघ्याची वाटी एवढाच ऐवज होता. कवटी नव्हती, कमरेचे हाड नव्हते आणि घोट्याखालचे एकही हाड नव्हते.

पेटी आणणारी माझी मैत्रीण पुरातत्त्वशास्त्रात काम करते. दख्खनच्या पठारावरील एका ताम्रपाषाणयुगीन वस्तीत हा सांगाडा मिळाला असून तो सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा आहे. अहवाल अजून प्रसिद्ध व्हायचा असल्याने स्थळाचे नाव मी येथे लिहीत नाही. काटेकोर बोलायचे तर पुरातत्त्वज्ञ या काळाला आद्यैतिहासिक म्हणतात. पण ज्या माणसांनी आपल्याविषयी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांना प्रागैतिहासिक म्हणण्यात सर्वसामान्य वाचकाची काही चूक होत नाही. मैत्रिणीला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. तिने आधी घेतलेली मापे न पाहता मी सर्व मापे स्वतंत्रपणे घ्यावीत आणि लांब हाडांचे सीटी स्कॅन करून द्यावे. दोघींची मापे जुळली तरच ती अहवालात जाणार होती.

हाडांचा रंग जुन्या हस्तिदंतासारखा होता आणि त्यांवर जागोजागी चुनखडीचे बारीक कण घट्ट चिकटलेले होते. जुन्या वस्तीच्या जागेला आपल्या खेड्यांत पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि चुनखडी यांनी ती जमीन बनलेली असते आणि अशा मातीत हाड तग धरते. आपल्या कोकणपट्टीत हे भाग्य क्वचितच लाभते. जांभ्याची आम्लधर्मी माती आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून हाडातील खनिजे विरघळवून टाकतात. ठाण्याच्या आसपास माणसे प्राचीन काळापासून राहत आली आहेत, पण त्यांच्या पायांविषयी काही जाणून घ्यायचे झाले तर आपल्याला घाट चढून पठारावरच जावे लागते.

महाराष्ट्रातील या काळाविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्याचा मोठा भाग इनामगावने दिला आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या स्थळाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यामागची मोठी नावे. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० एवढ्या दीर्घ काळातील वस्ती तेथे थरांनुसार उलगडली आणि दोनशेहून अधिक दफने मिळाली. ती घरांच्या जमिनीखाली आणि अंगणांत होती. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ठेवलेले होते, तर मोठ्या माणसांना खड्ड्यात उत्तरेकडे डोके करून आडवे निजवलेले होते आणि त्यांचे घोट्यापासून खालचे पाय तोडलेले होते. मेलेला माणूस भूत होऊन परत फिरू नये किंवा घर सोडून जाऊ नये, यासाठी हे केले असावे, असा अर्थ उत्खनकांनी लावला. एका प्रौढ पुरुषाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात गुडघे दुमडून बसवलेले होते आणि त्याची पावले शाबूत होती. या सांगाड्यांचा शारीरिक मानवशास्त्राच्या अंगाने सविस्तर अभ्यास जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला आणि तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या पेटीतही पावले नव्हती, त्यामुळे पेटी उघडल्याक्षणी आम्हा दोघींच्याही मनात इनामगाव आले हे उघड आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

पहिले काम लांबी मोजण्याचे. ऑस्टिओमेट्रिक बोर्ड हे दिसायला अगदी साधे साधन आहे. एका टोकाला उभी पक्की भिंत, दुसऱ्या टोकाला सरकणारी भिंत आणि मधल्या फळीवर मिलिमीटरच्या खुणा. मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडील आतले टोक पक्क्या भिंतीला टेकवायचे, सरकती भिंत वरच्या गोळ्याला भिडवायची आणि हाड हलकेच डावी-उजवीकडे फिरवत जास्तीत जास्त लांबी कोठे येते ते पाहायचे. उजव्या हाडाची ती ४३८ मिलिमीटर भरली. मग गुडघ्याकडील दोन्ही टोके भिंतीला सपाट टेकवून पुन्हा मोजले तेव्हा ४३४ आली. हा चार मिलिमीटरचा फरक हाड तिरके असण्यामुळे पडतो आणि त्या तिरकेपणाविषयी मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण माझ्या मते माणसाच्या सांगाड्यातील ती सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

आपल्या मांडीचे हाड कमरेपासून गुडघ्याकडे येताना आत झुकलेले असते. त्यामुळे चालताना एक पाय उचलला तरी दुसरे पाऊल शरीराच्या मध्याखाली राहते आणि आपण बाजूला कलंडत नाही. चिंपांझीच्या मांडीचे हाड गुडघ्यावर सरळ उभे असते, म्हणून तो दोन पायांवर चालू लागला की डुलतो. डोनाल्ड जोहान्सन यांना १९७३ मध्ये इथिओपियातील हादार येथे मानवाच्या एका आदिपूर्वजाचा सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीचा गुडघा मिळाला, तेव्हा हा प्राणी दोन पायांवर चालत होता हे त्यांनी याच कोनावरून ओळखले. पुढच्याच वर्षी त्याच परिसरात ल्यूसीचा सुप्रसिद्ध सांगाडा मिळाला. विलक्षण बाब ही की, हा कोन घेऊन कोणीही जन्माला येत नाही. तान्ह्या बाळाचे हाड सरळ असते. बाळ उभे राहू लागते, पडत-धडपडत चालू लागते आणि प्रत्येक पावलाच्या भाराने हाडाचे वाढते टोक किंचित किंचित तिरके होत जाते. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत हा कोन मोठ्या माणसाइतका होतो. ज्या मुलाला कधी चालताच आले नाही, त्याचे हाड सरळच राहते. म्हणजे टेबलावरच्या त्या हाडाने मला कोणत्याही यंत्राशिवाय एक गोष्ट खात्रीने सांगितली होती. हे मूल योग्य वयात चालू लागले होते आणि चालत राहिले होते.

डाव्या मांडीचे हाड मात्र आम्ही लांबीसाठी वापरले नाही. ते मध्यावर तुटलेले होते आणि पूर्वी कोणीतरी ते डिंकासारख्या द्रव्याने जोडले होते. जोड किंचित पिळवटलेला होता आणि सांध्यात मातीचा पातळ थर अडकलेला होता. बोर्डावर ते ४४१ भरले. उजव्या-डाव्या हाडांत दोन-चार मिलिमीटरचा फरक नैसर्गिकरीत्याही असतो, त्यामुळे हा फरक कोणाला खरा वाटला असता आणि हे माप सारणीत जाऊन बसले असते. मी तो जोड पंधरा मिनिटे भिंगाखाली पाहत होते. जोडणाऱ्याने ते काळजीनेच केले असणार, पण हाड जोडताना माती पूर्ण काढली नाही, तर पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला एक खोटे माप वारशाने मिळते, एवढे मी माझ्या विद्यार्थ्यांना त्या दिवसापासून आवर्जून सांगते.

लांबीवरून उंची काढण्याचा मोह सर्वांनाच होतो. विभागातील तरुण सहकारी दारातूनच विचारत होते की, किती उंच होती ही व्यक्ती. कार्ल पिअर्सन यांनी १८९९ मध्ये यासाठी समीकरणे मांडली आणि १९५२ मध्ये ट्रॉटर व ग्लेसर यांनी दुसऱ्या महायुद्धातील मृत अमेरिकी सैनिकांच्या आणि संग्रहातील सांगाड्यांच्या आधारे नवी समीकरणे दिली. ती आजही जगभर वापरली जातात. त्यांतील गोऱ्या पुरुषांचे समीकरण लावले तर आमच्या व्यक्तीची उंची सुमारे १६५.७ सेंटिमीटर येते. कृष्णवर्णीय पुरुषांचे लावले तर १६२.८ येते आणि गोऱ्या स्त्रियांचे लावले तर १६२.३. शिवाय प्रत्येक उत्तराला तीन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे धरावे लागतात ते वेगळेच. ही समीकरणे मांडी आणि धड यांचे एक विशिष्ट प्रमाण गृहीत धरतात. उष्ण प्रदेशातील लोकांच्या नडग्या मांडीच्या मानाने लांब असण्याकडे कल असतो. आमच्या व्यक्तीची उजवी नडगी ३७२ मिलिमीटर, म्हणजे मांडीच्या जवळपास ८५ टक्के होती. दख्खनमधील ३,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे धड अमेरिकी सैनिकाच्या प्रमाणात होते, असे मानायला माझे मन घेत नाही. मी तक्त्यात लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली आणि उंचीच्या रकान्यात तिन्ही उत्तरे समीकरणांच्या नावांसह लिहिली. एकच आकडा लिहिला की तो पुढे लेखातून लेखात जातो आणि त्यामागची शंका मात्र मागे राहते.

बाई की पुरुष, हा दुसरा प्रश्न. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा व्यास ४२.९ मिलिमीटर भरला. पाश्चात्त्य मानकांनुसार हा आकडा स्त्रीकडे झुकतो, पण भारतीय हाडे मुळात लहान असल्याने आपल्याकडे याच मापाचे पुरुषही असतात. कमरेचे हाड असते तर या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता आले असते. ते नसताना निव्वळ अंदाजाने तिला किंवा त्याला एक ओळख चिकटवणे मला अयोग्य वाटले. त्यामुळे या लेखात मी सरसकट ‘व्यक्ती’ असेच लिहीत आहे. वयाबाबत एवढेच सांगता येईल की, हाडांच्या वाढीच्या सर्व टोकांचे सांधणे पूर्ण झालेले होते, म्हणजे विशी उलटलेली होती, आणि गुडघ्याच्या कडांना झिजेची अगदी पुसट सुरुवात होती.

मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूने एक कंगोरा उभा उतरतो. मांडीचे बळकट स्नायू तेथे चिकटलेले असतात. या हाडावर तो बोटाला ठसठशीत लागत होता. हाडाचा वरचा भाग पुढून-मागे चपटा होता, जाडी २३.५ आणि रुंदी ३० मिलिमीटर, म्हणजे निर्देशांक (जाडी रुंदीच्या किती टक्के) ७८, आणि ८५ च्या खालच्या हाडाला आमच्या परिभाषेत चपटे म्हणतात. नडगी याउलट दोन्ही कुशींनी चपटी होती. ज्या ठिकाणी रक्तवाहिनी हाडात शिरते तेथे ती पुढून-मागे ३४ आणि आडवी २१ मिलिमीटर भरली. निर्देशांक ६१.८, ६३ च्या खाली गेला की नडगी चपटी समजली जाते. तलवारीच्या पात्यासारख्या अशा नडग्या जगभरच्या प्रागैतिहासिक सांगाड्यांत पुष्कळ आढळतात आणि आज शहरात राहणाऱ्यांत कमी. पुढून-मागे रुंद असलेले हाड त्याच दिशेने येणारा वाक अधिक सहन करते, आणि धावताना किंवा लांब चालताना नडगीवर मुख्यतः तोच ताण येतो.

हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवते, हा विचार जर्मन शल्यविशारद ज्यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. त्यातील गणिती भागाला पुढे पुष्कळ मुरड पडली, पण गाभा टिकला. २००९ मध्ये कॉलिन शॉ आणि जे स्टॉक या संशोधकांनी हयात खेळाडूंच्या नडग्या तपासल्या. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या नडग्यांचा छेद पुढून-मागे लांबट होता, तर सतत दिशा बदलत पळणाऱ्या हॉकीपटूंच्या नडग्यांचा छेद गोलसर होता. आल्प्समध्ये १९९१ मध्ये मिळालेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या हिममानवाची नडगीही अशीच अभ्यासली गेली आणि तो डोंगर-उतारांवर पुष्कळ चालणारा माणूस होता, या तर्काला तिने दुजोरा दिला. आमच्या व्यक्तीची नडगी धावपटूच्या नडगीकडे झुकणारी होती. मी मैत्रिणीला फोनवर एवढेच म्हणाले, “हिला चालण्याची सवय होती, हे मी लिहीन. कोठे आणि कशासाठी, ते तू सांग.” आहार, आनुवंशिकता आणि वय यांचाही छेदाच्या आकारावर परिणाम होतो, त्यामुळे एका नडगीवरून गुराखी की शेतकरी हे ठरवणाऱ्यांशी माझे कधीच पटत नाही.

हाच प्रश्न अनेक सांगाडे हाती असताना विचारला, तर त्याचे वजन वाढते. इनामगावात इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेतीपेक्षा गुरे व शिकार यांच्या आधाराने जगू लागले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाच्या छेदावरून त्यांनी मुलांच्या शरीराच्या वजनाचा अंदाज बांधला आणि उत्तर जोर्वे काळातील, म्हणजे या कोरड्या शेवटच्या टप्प्यातील, इनामगावच्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. पावसाने ओढ दिली की तिचा हिशोब मुलांच्या मांड्यांवर लिहिला जातो, हे वाचून मी बराच वेळ पुस्तकातील तो तक्ता पुढ्यात घेऊन बसले होते. आमच्या व्यक्तीच्या डाव्या नडगीच्या क्ष-किरण चित्रातही खालच्या टोकाजवळ दोन आडव्या पांढुरक्या रेषा दिसल्या. वाढत्या वयात आजार किंवा उपासमार यांमुळे वाढ काही काळ थांबून पुन्हा सुरू झाली की अशा रेषा उमटू शकतात. निरोगी वाढीतही त्या कधी कधी दिसतात, म्हणून त्यांचे स्थान तेवढे मोजले आणि कारण लिहिले नाही.

आता त्या खुणेविषयी, जिच्यासाठी खरे तर मी हे सर्व लिहायला घेतले.

रविवारी विभागात कोणी नव्हते. मी उजवी नडगी उभी धरून तिचे खालचे टोक टेबलावरील दिव्याच्या तिरप्या उजेडात फिरवत होते. घोट्याचे हाड जेथे बसते त्या खोबणीची पुढची कड सामान्यतः सरळ आणि काहीशी धारदार असते. या नडगीच्या कडेवर बाहेरच्या बाजूला एक लहानशी, गुळगुळीत, खाली दबलेली जागा होती. मातीची पणती ओली असताना कुंभार वात ठेवण्यासाठी तिचा काठ चिमटीने दाबतो, तशी. रुंदी ११ मिलिमीटर. बाकीचे हाड भुरभुरीत आणि खडबडीत झालेले असताना एवढीच जागा दिव्याखाली चमकत होती, कारण सांध्यावरचे गुळगुळीत आवरण तेथपर्यंत पसरलेले होते.

माणूस उकिडवा बसतो तेव्हा टाच जमिनीवर टेकलेली राहते आणि नडगी पुढे इतकी झुकते की, तिची खालची कड घोट्याच्या हाडाच्या मानेला जाऊन भिडते. वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास असे बसणाऱ्याच्या दोन्ही हाडांवर भेटीच्या जागी अशी खूण पडते. लाहोरला शरीररचनाशास्त्र शिकवणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ च्या सुमारास पंजाबी लोकांच्या हाडांवर तिचे वर्णन केले होते आणि १९५९ मध्ये इंदरबीर सिंग यांनी भारतीय नडग्या व घोट्याच्या हाडांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला. आमच्या विभागातील शिकवणीच्या जुन्या हाडांपैकी अनेकांवर ती आहे. मी ती दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते, परीक्षेत विचारतेही. तरीही ३,००० वर्षांपूर्वीच्या हाडावर ती अनपेक्षितपणे समोर आली, तेव्हा मला खुर्चीत बसावे लागले. लांबी आणि निर्देशांक यांतून मला शरीर कळत होते. या खुणेतून एक माणूस काहीतरी करत बसलेला दिसत होता.

घरी परतताना नेरूळला गाडी पकडली आणि ठाण्यापर्यंत माझे लक्ष लोकांच्या पायांवरच होते. जांभळी नाक्यावर मेथीच्या जुड्या सोडवणारी एक बाई उकिडवी बसलेली होती. टाचा पूर्ण टेकलेल्या, गुडघे काखेपर्यंत वर आलेले, आणि त्या बैठकीत ती अशी निवांत होती की, खुर्चीत बसलेल्या माणसालाही तेवढा आराम मिळत नसेल. मी कोथिंबीर घेण्याच्या निमित्ताने तिच्याजवळ थोडी जास्तच रेंगाळले.

आईला मी मोबाइलवर त्या कडेचे छायाचित्र दाखवले. आई ७८ वर्षांची आहे, मुरबाडकडच्या गावात वाढली, आणि चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला उकिडवे बसण्याची आणि मांडी घालण्याची सक्त मनाई आहे. तिने चष्मा लावून छायाचित्र लांब धरले, जवळ धरले आणि विचारले, “हे काय, घासलंय का?”

मी समजावून सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली.

“म्हणजे चुलीपुढं बसायची जागा ती,” ती म्हणाली. “सकाळी चूल, मग भांडी, मग सारवण. आवणीत वाकायचं आणि घरी आलं की उकिडवं बसायचं. आमच्या आईच्या पायातपण असेल बघ हे.” मग थोड्या वेळाने तिने विचारले, “माझ्या असेल का गं?”

“असेल आई. गुडघे बदलले तुझे, घोटे तुझेच आहेत.”

त्या उत्तराने तिला फार बरे वाटलेले दिसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तिने हे सर्व सांगितले आणि काकू आपल्या घोट्याला हात लावून पाहत होत्या. तो सांधा बाहेरून चाचपून ही खूण कळत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

पण या ओळखीच्या भावनेला आवर घालणेही माझेच काम आहे. आई चुलीपुढे बसत होती म्हणून ही व्यक्तीही चुलीपुढेच बसत होती, असे म्हणता येत नाही. उकिडवे बसून दाणे पाखडता येतात, कातडे खरवडता येते, गारगोटीचे पाते काढता येते, किंवा नुसत्या गप्पाही मारता येतात. चढणीच्या वाटांवर घोटा फार वाकला तरी अशा खुणा पडू शकतात, असेही काही अभ्यासक मानतात. तक्त्यात मी लिहिले की, उजव्या नडगीवर बाहेरच्या बाजूची खूण स्पष्ट आहे, डाव्या नडगीची पुढची कड तुटलेली असल्याने तेथे पाहणे शक्य नाही.

डाव्या नडगीच्या त्या तुटलेल्या कडेने पावलांचा प्रश्न पुन्हा समोर आणला. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने सोमवारी मला उत्साहाने बोलावून दाखवले, “मॅडम, हे बघा, कापल्याच्या खुणा.” तुटलेल्या जागेच्या वर हाडावर बारीक चर उमटलेले होते. आम्ही ते भिंगाखाली घेतले. दगडाच्या किंवा तांब्याच्या पात्याने ओल्या हाडावर पडलेला चर सरळ जातो आणि त्याचा तळ निमुळता असतो. हे चर नागमोडी होते, एकमेकांतून फाटे फुटत गेले होते आणि त्यांचा तळ गोलसर होता. गवताच्या आणि झुडपांच्या मुळांनी शतकानुशतके हाडाला बिलगून सोडलेल्या आम्लाने ते कोरलेले होते. तुटलेल्या कडेचा रंगही आतून फिकट होता, म्हणजे ही मोड जुनी नव्हती. खोदकामात किंवा नंतरच्या हाताळणीत ती झाली असणार. विद्यार्थिनी हिरमुसली. मी तिला बसवून सांगितले की, इनामगावची माहिती मनात असल्यामुळेच तिला चर दिसताच सुरी दिसली, आणि माझ्याही मनात क्षणभर तेच आले होते. उजव्या नडगीच्या टोकावर तर एकही चर नव्हता. पावले तोडली असतील तर सांध्यातून, हाडाला पाते न लागता तोडली असतील. किंवा ती तोडलीच नसतील आणि पावलांची लहान हाडे कुजली, उंदीर-घुशींनी हलवली किंवा वेगळ्या पुडक्यात गेली असतील. यांपैकी काहीही आमच्या टेबलावरील हाडांवरून ठरत नव्हते.

पायावर पाते चालवण्याचा दुसरा एक अर्थही प्रागैतिहासात सापडलेला आहे आणि त्या दिवशी मी तो मुद्दाम तिला सांगितला. बोर्निओतील लियांग तेबो गुहेत मिळालेल्या, सुमारे ३१,००० वर्षांपूर्वीच्या एका तरुण व्यक्तीच्या डाव्या पायाची नडगी आणि फिब्युला खालच्या तिसऱ्या भागात कापलेली आहेत, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. कापलेली टोके भरून आलेली होती. ती व्यक्ती लहानपणी झालेल्या त्या शस्त्रक्रियेनंतर सहा ते नऊ वर्षे जगली. डोंगराळ मुलखात एका पायाच्या मुलाला एवढी वर्षे कोणीतरी खाऊ घातले, उचलून नेले, जखम स्वच्छ ठेवली. भरून आलेले हाड आणि न भरलेले हाड यांतील फरक ओळखायला शिकणे म्हणजे शिक्षा, विधी आणि उपचार यांत फरक करायला शिकणे. हे ऐकल्यावर ती पुन्हा भिंगाकडे वळली आणि तिने त्या मुळांच्या चरांचे फार सुबक रेखाटन केले.

सीटी स्कॅनसाठी रात्री साडेनऊची वेळ मिळाली, दिवसभराचे रुग्ण संपल्यानंतरची. तंत्रज्ञाने नेहमीच्या सवयीने विचारले, “पेशंटचं नाव काय टाकू?” मी पेटीवरचा क्रमांक सांगितला. यंत्राच्या पाळण्यावर पांढऱ्या चादरीत ती चार लांब हाडे ठेवताना मला आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची शपथ आठवली. देहदान केलेल्या व्यक्तीच्या शरीराला प्रथम हात लावण्यापूर्वी ते तिच्याविषयी आदर राखण्याची शपथ घेतात. त्या दात्याने निदान आपला देह आम्हाला समजून-उमजून दिलेला असतो. या व्यक्तीला कोणी काही विचारले नव्हते. तिच्या घरच्यांनी तिला आपल्याच घराच्या जमिनीखाली जपून ठेवले होते. म्हणूनच मी तिच्या हाडांचे एकही छायाचित्र या लेखासोबत दिलेले नाही, आणि आईला दाखवलेले छायाचित्रही नंतर मोबाइलमधून काढून टाकले. पडद्यावर नडगीच्या मध्याचा छेद उमटला, तेव्हा तंत्रज्ञही पुढे झुकून पाहू लागला. जाड, दाट भिंतीचा तो लांबट आकार पाहून तो म्हणाला, “हाडं मजबूत आहेत हो मॅडम. आजकाल एवढी दिसत नाहीत.”

माझ्या आणि मैत्रिणीच्या मापांत दोन ठिकाणी फरक निघाला. गुडघ्याच्या वाटीची उंची तिने एक मिलिमीटर जास्त घेतली होती आणि नडगीवरील त्या खुणेची नोंदच तिच्या तक्त्यात नव्हती, कारण पुण्यात हाडे स्वच्छ करण्याआधी त्या कडेवर चुनखडीचा थर होता. ती पेटी न्यायला आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तीच जागा पुन्हा मोजली आणि दोघींचेही माप ११ आले. पावलांच्या रकान्यात मी ‘उपलब्ध नाहीत’ एवढेच लिहिले. त्याच दफनाच्या आसपासची सुटी लहान हाडे तिच्याकडे तीन पुडक्यांत अजून न उघडता पडून आहेत, असे तिने सांगितले. घोट्याचे उजवे हाड त्यांत असेल तर त्याच्या मानेवर, बाहेरच्या बाजूला, साधारण तेवढीच रुंद गुळगुळीत जागा असायला हवी. मी कागदावर तिला त्या जागेची आकृती काढून दिली आणि तिने ती घडी करून पेटीच्या झाकणात, आतल्या बाजूला चिकटवली.